तुटलेलं बोट आणि मासळीचा बर्फ



मासेमारी बंदीचा काळ संपत आला. धक्क्यावर जाळ्यांची डागडुजी चालू आहे, विंचला ग्रीस लागतंय, इंजिनं उघडली आहेत. १ ऑगस्टला दर्यात उतरण्याआधी कामांच्या यादीत आणखी एक काम जोडा, एवढ्यासाठी हा लेख. विषय आहे हाताचं बोट तुटलं तर काय करायचं. ऐकायला नको वाटतं, पण वायर रोप, विंचचा ड्रम, कप्पी, इंजिनाचा पट्टा आणि कोयता रोज हाताळणाऱ्यांनी ऐकलेलंच बरं.

मराठीत बोट म्हणजे हाताचंही आणि पाण्यातलीही. गोंधळ नको म्हणून या लेखात बोट म्हणजे फक्त हाताचं. पाण्यावर चालते ती ट्रॉलर किंवा होडी.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगून ठेवतो. पूर्ण तुटून वेगळं झालेलं बोट परत जोडता येतं. त्यासाठी ते थंड ठेवावं लागतं, आणि बर्फ तर आपल्या ट्रॉलरवर भरपूर असतो. पण मासळी ज्या पद्धतीने बर्फात घालतो, त्या पद्धतीने बोट घातलं तर ते कायमचं गेलं.

बोट जोडतात म्हणजे नक्की काय करतात?

बरेच जण समजतात की तुटलेला तुकडा जागेवर ठेवून कातडीला टाके घातले की झालं. तसं नसतं. बोटाच्या दोन्ही बाजूंनी रक्त आणणाऱ्या दोन बारीक धमन्या असतात. त्यांची जाडी साधारण एक मिलिमीटर, टोकाकडे त्याहूनही कमी. पाठीमागून रक्त परत नेणाऱ्या शिरा असतात, स्पर्श कळवणाऱ्या नसा असतात, बोट वाकवणारे आणि सरळ करणारे स्नायूबंध असतात. हे सगळं एकेक करून जोडावं लागतं.

आधी हाड थोडं कमी करून स्टीलच्या बारीक तारेने बसवतात. मग स्नायूबंध शिवतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली धमन्या, नसा आणि शिरा. त्यासाठी वापरायचा धागा माणसाच्या केसापेक्षाही बारीक असतो. जाळं विणणाऱ्यांना यातली मेहनत वेगळी सांगायला नको. फक्त इथला फासा डोळ्यांना दिसत नाही आणि एक टाका चुकला तर रक्त आत गोठतं. एका बोटाला चार ते सहा तास सहज लागतात. दोन-तीन बोटं असतील तर रात्र जाते.

ही विद्या फार जुनी नाही. १९६० साली अमेरिकेत ज्युलियस जेकबसन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रक्तवाहिन्या जोडून दाखवल्या. १९६२ साली बोस्टनमध्ये रोनाल्ड माल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मालगाडीच्या अपघातात तुटलेला एका १२ वर्षांच्या मुलाचा हात परत जोडला. पुढच्याच वर्षी शांघायमध्ये चेन झोंगवेई यांनी एका कारखाना कामगाराचा तुटलेला पंजा जोडला. बोटाच्या रक्तवाहिन्या आणखी बारीक, म्हणून त्याला थोडा उशीर लागला. १९६५ साली जपानमधल्या नारा प्रांतात कोमात्सु आणि तामाई या डॉक्टरांनी पूर्ण तुटलेला अंगठा जोडला आणि तो जगला. आज भारतातही हे ऑपरेशन होतं. मात्र ऑपरेशन थिएटर आहे म्हणून प्रत्येक हॉस्पिटलात होत नाही. सूक्ष्मदर्शक लागतो आणि त्यावर हात बसलेला सर्जन लागतो.

वेळेचं गणित

शरीरापासून वेगळं झालेल्या भागाला रक्त मिळत नाही, म्हणून तो हळूहळू मरतो. सगळ्यात लवकर मरतो तो स्नायू. बोटात स्नायू जवळपास नसतोच. बोट हलवणारे स्नायू तळहातात आणि कोपराखाली असतात, बोटात फक्त त्यांचे दोर येतात. म्हणून बोट बराच वेळ तग धरतं.

साधारण हिशोब असा. बोट नुसतं उष्ण हवेत राहिलं तर १२ तासांपर्यंत, नीट थंड ठेवलं तर २४ तासांपर्यंत जोडण्याची आशा असते. मनगट किंवा त्याच्या वरचा हात तुटला तर त्यात स्नायू असतो. तिथे उष्ण हवेत सहा तास आणि थंड ठेवून सुमारे १२ तास, एवढीच मुदत. तैवानमध्ये थंड ठेवलेली बोटं तीन दिवसांहून जास्त वेळानंतरही जोडल्याची नोंद आहे. पण तो अपवाद. त्याच्या भरवशावर कोणी बसू नये. जेवढं लवकर तेवढं चांगलं, हाच नियम.

आता हे आपल्या दर्याला लावून बघा. ट्रॉलर किनाऱ्यापासून २५ सागरी मैलांवर आहे आणि आठ नॉटने परत येतेय. धक्क्याला लागायला तीन तासांहून जास्त. तिथून अ‍ॅम्ब्युलन्सने मोठ्या हॉस्पिटलात तासभर. तिथे एक्स-रे, रक्ततपासणी, थिएटरची तयारी, आणखी एक-दोन तास. म्हणजे सहा तास गेलेच. बोट थंड असेल तर हे सगळं मुदतीत बसतं. त्यात "आधी जाळं ओढून घेऊ, मग निघू" असे दोन-तीन तास घातले, किनाऱ्यावर दोन दवाखाने फिरण्यात आणखी घालवले, आणि बोट खिशातल्या रुमालात गुंडाळलेलं असेल, तर हातातली संधी निघून जाते.

इथे मालकांना एक विनंती. विंचवर बोट गेलं तर जाळ्याला बोया बांधून सोडायचं की ओढायचं, हा प्रश्न तांडेलावर त्या क्षणी टाकू नका. "माणूस जखमी झाला तर जाळं सोड, जवळच्या ट्रॉलरला जागा सांग आणि वळ. मी विचारणार नाही," हे वाक्य हंगामाच्या पहिल्या दिवशी सगळ्या खलाशांसमोर बोलून ठेवा. मालकाचा बोल घ्यावा लागेल या भीतीने बरेच तास जातात.

बर्फ: घात होतो तो इथे

बोटासाठी हवी ती थंडी फ्रिजच्या खालच्या कप्प्याची, म्हणजे चार अंशांच्या आसपास. शून्याच्या खाली गेलं की बोट गोठतं. आतल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि पेशी फुटतात, बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर फाटतं. अशी वाहिनी शिवली तरी रक्त आत शिरताच गोठतं. मासळीला एवढं चालतं, कारण मासळी परत जिवंत करायची नसते.

खणातला बर्फ थेट अंगाला लागला तर बोट भाजल्यासारखं गोठतं. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे समुद्राचं पाणी घातलेला बर्फ. आपण मासळी लवकर गार व्हावी म्हणून बर्फात खारं पाणी मिसळतो. मिठामुळे त्या लगद्याचं तापमान शून्याच्या खाली उतरतं. म्हणूनच मासळी त्यात झटपट गार होते, आणि म्हणूनच बोटासाठी ते पाणी घातक. बोटाच्या डब्यात बर्फ आणि गोडं पाणी, एवढंच. बर्फ गोड्या पाण्यात विरघळत असेल तर तापमान शून्याच्या खाली जात नाही, आणि मध्ये पिशवी व कापड असल्याने बोट त्याच्या थोडं वरच राहतं.

दर्याचं पाणी जखमेलाही लावू नका. ते खारट आहे म्हणून जंतू मारतं, हा समज खोटा. जखमेत शिरून गंभीर आजार करणारे जंतू समुद्राच्या पाण्यात असतात.

ट्रॉलरवर करायचं ते, क्रमाने

१. आधी मशीन बंद. विंच, इंजिनाचा पट्टा, जे काही फिरतंय ते थांबवा. नाहीतर सोडवायला गेलेल्याचाही हात जातो.

२. माणसाला बसवा किंवा आडवं करा. जखमेवर स्वच्छ गॉज किंवा धुतलेलं सुती कापड ठेवून घट्ट दाबून धरा. हात छातीच्या वर उचला. दहा मिनिटं दाब सोडू नका आणि कापड उचलून पुन्हापुन्हा बघू नका. पूर्ण तुटलेल्या बोटाच्या धमन्या आपोआप आकसतात, त्यामुळे नुसत्या दाबाने रक्त बहुतेक वेळा थांबतं. रक्ताने कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा.

३. त्याच हाताच्या बाकी बोटांतल्या अंगठ्या, मनगटातलं कडं, घड्याळ लगेच काढा. थोड्या वेळाने सूज आली की निघत नाहीत.

४. दुसऱ्याने तुटलेला तुकडा शोधावा. हातमोजा घातला असेल तर आधी मोज्यात बघा, बोट बरेचदा आतच राहतं. जाळ्यात, ड्रमच्या वळशात, डेकच्या कोपऱ्यात बघा. पाच-दहा मिनिटांत नाही सापडला तर थांबू नका, ट्रॉलर वळवा आणि चालता चालता शोधा.

५. तुकड्याला माती, ग्रीस, खवले लागले असतील तर सलाइनने हलकं धुवा. घासू नका. डिझेल, डेटॉल, स्पिरिट काही नको.

६. सलाइनने ओला करून पिळलेल्या गॉजमध्ये तुकडा गुंडाळा. सलाइन नसेल तर कोरडं स्वच्छ कापड, किंवा बाटलीबंद पिण्याच्या पाण्याने जेमतेम ओलं केलेलं. तुकडा पाण्यात बुडवून ठेवायचा नाही, कातडी फुगते आणि शिवताना त्रास होतो.

७. ते गुंडाळलेलं बोट प्लास्टिकच्या पिशवीत घाला, हवा काढा, तोंड घट्ट बांधा. पाणी आत शिरता कामा नये.

८. ती पिशवी दुसऱ्या डब्यात किंवा पिशवीत ठेवा, ज्यात बर्फाचे तुकडे आणि गोडं पाणी आहे. डब्यावर नाव आणि बोट तुटल्याची वेळ लिहा. हा डबा मासळीच्या खणात ठेवायचा नाही. तो जखमी माणसाजवळच राहील.

बोट पूर्ण तुटलं नसेल, कातडीच्या पट्टीवर लोंबत असेल तर ती पट्टी कापू नका. त्या बोटभर कातडीतून एखादी शीर चालू असू शकते. बोट जागेवर सरळ करा, खाली चपटी काडी किंवा पुठ्ठा लावून हलकं बांधा आणि पट्टीवरून पिशवीतला बर्फ लावा.

करायचं नाही ते

बोटाच्या मुळाशी तंगूस, रबर किंवा सुतळी आवळू नका. त्याने राहिलेला भागही मरतो. मनगटाच्या वरचा हात तुटून रक्त धो धो वाहत असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तेव्हाच वरच्या बाजूला रुंद कापडाचा घट्ट पट्टा बांधा आणि वेळ लिहून ठेवा. तिथे जीव वाचवणं पहिलं.

हळद, कॉफी पावडर, तंबाखू, विडीची राख जखमेत भरू नका. सर्जनला ते एकेक कण काढत बसावं लागतं.

दुखतंय म्हणून दारू पाजू नका. विडी, सिगारेट, तंबाखू अजिबात नको, निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि आपल्याला नेमक्या त्याच उघड्या हव्यात. खायला काही देऊ नका, कारण भूल द्यावी लागेल. पाण्याचं डॉक्टरांना फोनवर विचारा.

किनाऱ्याला लागण्याआधी

दूर असाल तर व्हीएचएफच्या चॅनल १६ वर सांगा. मोबाइलला रेंज आली की १०८ ला फोन करून अ‍ॅम्ब्युलन्स धक्क्यावर उभी करा. समुद्रातल्या मदतीसाठी तटरक्षक दलाचा नंबर १५५४. गोव्यात बांबोळीच्या गोमेकॉत प्लास्टिक सर्जरी विभाग आहे. कुठल्याही हॉस्पिटलात निघण्याआधी एकच प्रश्न विचारा: "तुटलेलं बोट जोडणारे सर्जन आत्ता आहेत का?" नाही म्हटलं तर कुठे न्यायचं ते तिथेच विचारा आणि वाट वाकडी न करता तिकडे जा.

फोनवर एवढं सांगा: कुठलं बोट, कुठून तुटलं, किती वाजता, कशाने (दोराने ओढलं, ड्रममध्ये चेंगरलं की कोयत्याने कापलं), तुकडा कसा ठेवलाय, शेवटचं कधी खाल्लं, मधुमेह, बीपी किंवा रक्त पातळ करण्याची गोळी आहे का. जखमेचा आणि तुकड्याचा फोटो पाठवता आला तर उत्तम.

जवळच्या आरोग्य केंद्रात गेलात तर दाबपट्टी, धनुर्वाताचं इंजेक्शन, सलाइन एवढं झालं की पुढे निघा. बोट जोडायचं असेल तर तिथे जखमेला टाके घालून ती बंद करण्याची गरज नसते.

प्रत्येक बोट जोडतात का?

नाही. आणि डॉक्टर नको म्हणाले म्हणजे त्यांनी टाळलं, असं नसतं.

अंगठा असेल तर शक्यतो जोडतातच. हाताच्या कामातला साधारण ४० टक्के वाटा एकट्या अंगठ्याचा धरतात. अंगठ्याशिवाय दोर धरता येत नाही, वल्हं धरता येत नाही, मासा सोलता येत नाही. एकापेक्षा जास्त बोटं तुटली असतील किंवा लहान मूल असेल तरी प्रयत्न करतात. कोयत्याने स्वच्छ कापलेलं बोट चांगल्या केंद्रात बहुतेक वेळा जगतं.

मोठ्या माणसाचं एकच बोट मुळापासून गेलं असेल तर मात्र विचार करावा लागतो. जोडलं तरी ते ताठ राहतं, कामात आडवं येतं, आणि माणूस महिनोन्‌महिने घरी बसतो. त्यापेक्षा जखम नीट बंद केली तर काही आठवड्यांत तो जाळ्यावर परत येतो. हा निर्णय बसून, विचारून घ्यायचा. "मी खलाशी आहे, माझं काम असं असं आहे," हे सर्जनला स्पष्ट सांगा.

आपल्या धंद्यातली वाईट बातमी अशी की विंच आणि वायर रोपची दुखापत सगळ्यात अवघड. दोर बोट कापत नाही, ओढून उपटतो. धमन्या आणि नसा रबरासारख्या ताणून लांबवर फाटतात, बाहेरून दिसतं त्यापेक्षा आत जास्त नुकसान असतं. मग दुसरीकडची शीर काढून मध्ये जोड द्यावा लागतो आणि यशाची शक्यता कमी होते. तरीही तुकडा कितीही चेंगरलेला दिसला तरी फेकू नका. त्यातली कातडी, नस किंवा हाड दुसऱ्या बोटाच्या दुरुस्तीला वापरता येतं. ठरवायचं काम सर्जनचं. आणि अंगठा नाहीच वाचला तर पुढे कधीतरी पायाचं बोट काढून अंगठ्याच्या जागी बसवण्याचं ऑपरेशनही होतं.

ऑपरेशननंतर

पहिले पाच-सात दिवस हॉस्पिटलात. खोली उबदार ठेवतात. दर तासाला बोटाचा रंग बघतात. पांढरं पडलं तर रक्त येत नाही, निळं-काळं पडलं तर आलेलं रक्त परत जात नाही. शीर चालत नसेल तर कधीकधी बोटाला चक्क जळवा लावतात. साचलेलं रक्त जळू ओढून घेते आणि तिच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही. आपल्या जुन्या वैद्यांची जळू आजच्या हॉस्पिटलातही कामाला येते, ती अशी.

घरच्यांनी सांभाळायचं ते तंबाखूपासून. भेटायला आलेला मित्र प्रेमाने विडी पुढे करतो आणि सहा तासांच्या ऑपरेशनवर पाणी पडतं.

मग बोट हलवण्याचे व्यायाम, काही महिने, रोज. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, म्हणजे मुळाशी जोडलेल्या बोटाच्या टोकाला स्पर्श कळायला निदान तीन महिने, बहुतेकांना जास्तच. बोट पूर्वीसारखं पूर्ण वाकेलच असं नाही, पुढे दुसरं छोटं ऑपरेशनही लागू शकतं. आणि जोडलेल्या बोटाला गारठा सोसत नाही, बर्फात हात घातला की ठणकतं. म्हणून त्या माणसाला पहिला हंगाम बर्फाच्या कामावर ठेवू नका. त्याला सुकाणूवर किंवा जाळं दुरुस्तीला घ्या, पण घ्या.

केस पेपर, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, बिलं सगळं एका फायलीत ठेवा. विम्याच्या दाव्याला लागतात. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेखालच्या मच्छीमार अपघात विम्यात कायमच्या अंशतः अपंगत्वाला अडीच लाख आणि हॉस्पिटल खर्चाला २५ हजार रुपयांपर्यंत तरतूद आहे. खलाशाचं नाव नोंदवलेलं असेल तरच. ती नोंद हंगामाआधी करा.

जोडण्यापेक्षा न तुटलेलं बरं

दर्यात जाताना बोटातली अंगठी घरी देवापुढे ठेवा, मग ती खड्याची असो की लग्नाची. दोर अंगठीत अडकला की बोट अंगठीबरोबर जातं. फिरत्या ड्रमवर दोर हाताने बसवू नका, लोखंडी सळी किंवा दांडका वापरा. विंचजवळ सैल हातमोजे, लांब बाह्या नकोत. दोराच्या वळशात पाय किंवा हात ठेवून उभं राहू नका. विंच चालवणाऱ्याला दोर धरणारा दिसलाच पाहिजे. मध्ये कोणी उभं असेल तर विंच बंद. ड्रमवरचं गार्ड दुरुस्तीत काढलं असेल तर १ ऑगस्टच्या आत परत लावा.

एक डबा तयार करा

झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या. त्यात निर्जंतुक गॉजची पाकिटं, रोलर बँडेज, नॉर्मल सलाइनची बाटली, तोंड बंद होणाऱ्या दोन मापांच्या पिशव्या, रबरी हातमोजे, पिण्याच्या पाण्याची एक सीलबंद बाटली आणि मार्कर. मेडिकल दुकानात सगळं मिळतं. डब्यावर लाल रंगाने खूण करा आणि केबिनमध्ये, हाताला येईल तिथे ठेवा. सलाइनची तारीख दर हंगामाला बघा.

आपल्या ट्रॉलरवरचे बरेच खलाशी बाहेरच्या राज्यांतून येतात, त्यांना मराठी वाचता येत नाही. तांडेलने हे त्यांच्या भाषेत किंवा हिंदीत समजावून सांगावं. पहिल्या फेरीच्या आधी, धक्क्यावरच, चहा पिताना एक गाजर कापा. तुकडा गॉजमध्ये, गॉज पिशवीत, पिशवी बर्फ आणि गोड्या पाण्याच्या डब्यात. प्रत्येक खलाशाकडून एकदा करून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.